चीफसाहेबांचा स्लाइस, ऑफसेटचा सेट आणि डावीकडे पळणारे वेज : एक प्रकरण

गुहागर तालुक्यातले एक चीफ इंजिनिअर, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले, वय पासष्टीच्या आसपास. गोल्फचं वेड बोटीवर असतानाच लागलेलं, बोट जपानात ड्रायडॉकला लागली होती तेव्हा एक फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) आयर्नचा सेट घेतला आणि पुढची कितीतरी वर्षं तोच वापरला. गावात सगळे त्यांना चीफच म्हणतात म्हणून इथेही तेच. दुखणं जुनंच, जे जगभरच्या कितीतरी हौशी गोल्फरांना असतं ते, म्हणजे स्लाइस : ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, मारला की बॉल सरळ निघाल्यासारखा वाटतो आणि मग मोठ्ठा उजवीकडे वळून जातो. मुंबईच्या कुणीतरी सांगितलं की ऑफसेटवाला सेट घ्या, स्लाइस गेलाच समजा. चीफनी सेकंडहँड घेतला, पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत आयर्न (नंबर वाढतो तसा क्लब आखूड आणि बॉल उंच, वेज सगळ्यात आखूड), आणि वर एक ऑफसेट ड्रायव्हर.

काही महिने खेळून झाल्यावर ते माझ्याकडे आले. मी लोट्याला टूलरूममध्ये काम करतो आणि घरी हौस म्हणून ग्रिप बदलणं, शाफ्ट कापणं, गंजलेले क्लब साफ करणं असली कामं करतो, खाऱ्या हवेमुळे इकडे या कामाला मरण नाही. त्यांचं म्हणणं तीन गोष्टींचं होतं. ड्रायव्हरचा स्लाइस निम्म्यावर आला, खूश होते. पण नऊ नंबर आणि वेज सरळ डावीकडे जायला लागले, वळत बिळत नाहीत, निघतानाच डावीकडे. आणि दुपारी मारलेले सगळे बॉल वर चढून तिथेच लटकतात, पुढे जातच नाहीत. "अरे बाबा, हा ऑफसेट एका हाताने देतो नि दुसऱ्या हाताने काढून घेतो," असं त्यांचं निदान.

मला ते पटलं नाही, कारण एकाच गोष्टीला तिन्ही उपकार-अपकार चिकटवले की बहुतेक वेळा मूळ कारण दुसरंच निघतं. पण आधी ऑफसेट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं लागणार नाही.

क्लब जमिनीवर नीट टेकवून समोरून बघितलं की शाफ्ट जिथे घुसतो ती नळी म्हणजे होजल, आणि फेसची, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूची, खालची कड म्हणजे लीडिंग एज. होजलच्या पुढच्या कडेपेक्षा लीडिंग एज जेवढी मागे सरकलेली असते तेवढा ऑफसेट. जुन्या ब्लेडमध्ये, म्हणजे पातळ साध्या आयर्नमध्ये, तो दोन-तीन मिलिमीटर असतो, सोपे म्हणून विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये लांब आयर्नना सहा, सात, आठ मिमीपर्यंत जातो आणि वेजकडे येता येता कमी होतो. ही कल्पना गाजवली कार्स्टन सोल्हाइमने, जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर, ज्याने पिंग कंपनी काढली. त्याचा १९६६चा आन्सर पटर बघा, मान वाकवून शाफ्ट पुढे काढलाय. नंतर १९८२ला आलेल्या आय २ आयर्नमध्येही ऑफसेट होता आणि तो सेट तुफान चालला. माणूस टूलरूमवाल्यांच्या जातीचा, म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्तच प्रेम.

ऑफसेटने स्लाइस का कमी होतो याचं जे उत्तर दुकानात मिळतं ते असं की फेस थोडा मागे असल्यामुळे तो बॉलपर्यंत उशिरा पोचतो, तेवढ्या वेळात मनगटं वळून फेस बंद व्हायला, म्हणजे डावीकडे वळायला, सवड मिळते. ऐकायला झकास आहे आणि चूकही नाही, पण किती सवड ते कोणी मोजून सांगत नाही. मोजूया. चीफच्या वयाच्या माणसाचा ड्रायव्हर साधारण ताशी ८५ मैलांनी येतो, म्हणजे सेकंदाला ३८ मीटर. सहा मिमी जायला त्याला लागतात ०.१६ मिलिसेकंद. आता फेस बंद होण्याचा वेग त्या क्षणी सेकंदाला दोन हजार अंश धरा, माणसागणिक तो बराच कमीजास्त असतो पण अंदाजाला चालेल. गुणाकार केला की येतो ०.३ अंश. एवढंच. दीडशे मीटर ड्राइव्हवर सुरुवातीच्या दिशेत मीटरभराचासुद्धा फरक नाही, वर वळण थोडं कमी होईल ते वेगळं. यातून निम्मा स्लाइस जात नाही हो.

आणि अजून एक गंमत. हीच सवड पाहिजे असेल तर बॉल सहा मिमी पुढे ठेवा की, तेवढाच उशीर मिळेल. चीफ बॉल कुठे ठेवतात ते मी बघत होतो, कधी डाव्या टाचेसमोर, कधी तिथून अख्खा बॉलभर आत. बॉलचा व्यास ४२.६७ मिमी, म्हणजे ऑफसेटच्या सातपट घोळ ते रोज पायांनीच घालत होते. (बॉल पुढे नेला की क्लब वर्तुळावर जास्त डावीकडे जात असताना लागतो, त्यामुळे दोन गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत, पण मुद्दा कळला असेल.)

दुसरं कारण जास्त दमदार आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. ऑफसेटमुळे क्लबहेडचं वजनाचं केंद्र शाफ्टच्या रेषेच्या आणखी मागे जातं. खाली येताना हेड बाहेर ओढलं जातं आणि ते केंद्र हाताच्या रेषेत यायला बघतं, त्या ओढीने शाफ्ट बॉलला लागायच्या क्षणी पुढे वाकतो. शाफ्ट पुढे वाकला की फेसचा लॉफ्ट, म्हणजे मागे कललेला कोन, वाढतो, फेस थोडा बंदही होतो. म्हणजे बॉल उंच जातो आणि जरासा डावीकडे झुकतो. शाफ्ट हलका आणि लवचिक असेल तर हे जास्त. चीफच्या जुन्या सेटला स्टीलचे शाफ्ट, नव्याला हलके ग्रॅफाइट. इथून मला तिसऱ्या तक्रारीचा वास यायला लागला होता.

मग मोजमाप. सरफेस प्लेटवर जुना आणि नवा सात नंबर शेजारी ठेवले, सोल (क्लबचा तळ) टेकवून शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये धरला, हाइट गेजने होजलची पुढची कड आणि लीडिंग एज दोन्ही घेतल्या. जुना दोनच्या थोडा वर, नवा सहाच्या आसपास. नव्याचा पाच नंबर सातच्या आसपास, वेज चारच्या आत. मला बसलेला पहिला धक्का हा, की ज्या क्लबबद्दल डावीकडे जाण्याची तक्रार आहे त्याच क्लबमध्ये ऑफसेट सगळ्यात कमी. ऑफसेट गुन्हेगार असता तर पाच नंबर जास्त डावीकडे जायला हवा होता, आणि पाच नंबरवर चीफ खूश होते.

ड्रायव्हरचं माप घेणं जरा कटकटीचं. शाफ्ट टार्गेटच्या रेषेला काटकोनात येईल असा बसवला, सोल नैसर्गिक जशी टेकते तशी टेकू दिली, आणि डायल इंडिकेटर फेसच्या मध्यापासून हीलकडे (होजलकडची बाजू) १५ आणि टो-कडे (लांबची बाजू) १५ मिमी असा फिरवला. ड्रायव्हरच्या फेसला फुगवटा असतो, पण दोन्ही बाजूंना सारखा, त्यामुळे फरक उरेल तो फेसच्या कोनाचा. ३० मिमीमध्ये सव्वा मिमीचा फरक आला. म्हणजे जवळपास २.४ अंश बंद. चीफ शेजारी उभे राहून काटा फिरताना बघत होते, आयुष्यभर बोटीच्या क्रँकशाफ्टचं डिफ्लेक्शन घेतलेला माणूस, त्यांना समजावायला लागलं नाही. "म्हणजे ह्याने फेसच वाकडा करून विकलाय की रे," म्हणाले.

वाकडा नाही, मुद्दाम बंद ठेवलाय. स्लाइसवाल्यांसाठीच्या ड्रायव्हरमध्ये हे सर्रास असतं, ऑफसेटबरोबर बंद फेस, सरळसोट लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन), हीलकडे वजन, सगळं एका पुडीत. पुडीवर नाव मात्र ऑफसेटचं. ०.३ अंश आणि २.४ अंश शेजारी ठेवून बघा, औषध कुठलं लागू पडलं ते दिसतं. दीडशे मीटरवर २.४ अंश म्हणजे सहा मीटरच्या वर, आणि बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतो तिकडेच. ड्रायव्हरला तर हे प्रमाण आयर्नपेक्षाही जास्त.

आता मैदानावर. मैदान म्हणजे चीफच्या घराखालचा मळा, भात कापून झाल्यावर रिकामी पडलेली खाचरं, पलीकडे जांभ्याचा गडगा. गडग्यावर बॉल आपटला की कुठून कुठे उडेल नेम नाही म्हणून तिकडे जुनं मासेमारीचं जाळं बांधलेलं. कातळावर सरावाला जाऊ नका बाबांनो, क्लबची सोल आठवड्यात खवल्यासारखी होते आणि मनगट वेगळं जातं. मळ्यात मात्र माती अजून ओलसर असल्यामुळे डिव्हट (क्लब लागून माती उडते ती खूण) सुरेख उठतात, आणि डिव्हटसारखा खरं बोलणारा साक्षीदार नाही.

सुतळी ताणून टार्गेटची रेषा केली आणि चीफना वेज मारायला लावलं. डिव्हट सुतळीच्या डावीकडे बघत होते, चांगले चार-पाच अंश. ही स्लाइसवाल्याची जुनी सवय, बॉल उजवीकडे जाणार हे माहीत म्हणून पाय आधीच डावीकडे वळवून उभं राहायचं, स्विंगही बाहेरून आत येतो. फेस त्या वाटेच्या मानाने उघडा असला की उजवीकडे वळण, हे स्लाइसचं सगळं गणित. फेस बंद होत गेला तर वळण कमी होतं, पण वाट तशीच डावीकडची राहते! म्हणजे स्लाइस जाऊन बॉल सरळ नाही होत, डावीकडे निघून थोडासा परत येणारा होतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी, त्याला वळायला मोकळीक, म्हणून तो डावीकडे निघून मधोमध परत यायचा आणि चीफ खूश. वेजचा लॉफ्ट भरपूर, बॉलवर बॅकस्पिन एवढी की बाजूचं वळण दिसतच नाही, तो जिकडे निघाला तिकडेच गेला. एकच स्विंग, दोन क्लब, एकाला शाबासकी आणि एकाला शिव्या.

पण यातूनही पूर्ण उलगडा होत नव्हता, कारण हाच स्विंग जुन्या वेजबरोबर होता आणि जुना वेज एवढा डावीकडे जात नव्हता. डिव्हट नीट बघितला तेव्हा दिसलं, हीलच्या बाजूला खोल आणि टोच्या बाजूला नुसता खरवडलेला. म्हणजे क्लब टो वर करून जमिनीत शिरतोय. मग व्हाइटबोर्ड मार्करने बॉलवर एक जाड उभी रेघ ओढली, रेघ फेसकडे करून बॉल ठेवला, मारल्यावर रेघ फेसवर उठते. सोल टेकवून बघितलं तर रेघ उभी नाही, वरचं टोक टो-कडे कललेलं. जुन्या वेजवर जवळजवळ उभी.

लाय. नवा सेट लायमध्ये जुन्यापेक्षा दोन अंश सरळसोट, वर शाफ्ट अर्धा इंच लांब, तोही त्याच दिशेने भर घालतो. लाय जास्त सरळसोट झाला की फेस डावीकडे बघायला लागतो, आणि किती बघेल ते लॉफ्टवर ठरतं. दोन अंशाच्या चुकीला पाच नंबरच्या २२ अंश लॉफ्टवर फेस ०.८ अंश डावीकडे जातो, वेजच्या ४५-४६ अंशांवर दोन अंशांच्याही थोडा वर. नव्वद मीटरवर ते होतात सव्वातीन मीटर, म्हणजे बॉल हिरवळीच्या मध्याऐवजी चांगलाच डावीकडे. ऑफसेट लांब क्लबकडे वाढतो, लायचा परिणाम छोट्या क्लबकडे वाढतो, दोघं विरुद्ध दिशेला. तक्रार कुठल्या क्लबची आहे एवढ्यावरून निम्मं निदान व्हायला हवं.

खात्री करायची एक फुकट युक्ती आहे. चीफना सांगितलं ग्रिप अर्धा इंच खाली धरा, बाकी काही बदलू नका. टो थोडी खाली आली, बॉल उजवीकडे सरकले, सुतळीवर नाही पण निम्म्यात आले. ऑफसेट तेवढाच होता ना? मग हा फरक त्याचा कसा असेल.

राहिली दुपारची तक्रार. ही सगळ्यात सोपी निघाली आणि सांगायला फार काही नाही. आमच्याकडे सकाळी वारा पडलेला असतो किंवा जमिनीवरून समुद्राकडे हलका वाहतो, अकरा वाजले की समुद्रावरून उलटा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. मळ्याचं तोंड पश्चिमेला. चीफ दुपारची झोप काढून चारला मारायला उतरायचे, म्हणजे वारा बरोब्बर नाकावर. ऑफसेट, मागे गेलेलं वजन, हलका शाफ्ट यांनी बॉल आधीच उंच निघतोय, समोरच्या वाऱ्यात तो आणखी चढतो आणि लटकतो, जे काही वळण आहे तेही वाढून दिसतं. या तक्रारीत ऑफसेटचा वाटा खरा आहे, एवढं मी मान्य केलं. पण सकाळी साडेसातला तेच क्लब, तोच माणूस, बॉल मस्त पुढे जात होते. त्या दिवसापासून चाचणी फक्त सकाळी असा नियम केला, नाहीतर क्लब तपासतोय की हवामान तेच कळत नाही.

आता उपाय काय केला. सरळ उत्तर होतं की लाय वाकवून घ्या, दोन अंश सपाट. पण हे हेड १७-४ स्टेनलेसचं ओतीव, फार कडक, वाकवायला गेलं की अंशभराने कुरकुरतं आणि जोर लावला तर होजलला चीर जाते. फोर्ज्ड कार्बन स्टीलचं असतं तर मऊ सुतासारखं वाकलं असतं. मी घरी व्हाइसमध्ये धरून असले प्रयोग करत नाही आणि तुम्हीही करू नका. मुंबईत मशीन असलेल्या एकाकडे चौकशी केली, त्याने अंशभराच्या वर हमी घ्यायला नकार दिला, शहाणा माणूस. लॉफ्ट कमजोर केला, म्हणजे वाढवला, तर ऑफसेट थोडा कमी होतो आणि बाउन्स (सोलचा जमिनीशी कोन) वाढतो, हाही एक विचार होता, पण आजार ऑफसेटचा नाहीच तर त्याला हात का लावा.

शेवटी जुना फोर्ज्ड सेट माळ्यावरून काढला. गंज चढला होता, क्रोम दोन ठिकाणी उडालेलं, पण ग्रूव्ह (फेसवरचे चर) शाबूत. घासूनपुसून नव्या ग्रिप घातल्या. खरा घोळ इथे होता, नंबरवर जाऊन चालत नाही. नव्या सेटचा सात नंबर २९ अंश, जुन्याचा ३५. हल्लीच्या सेटमध्ये बॉल उंच उडवायची सोय बाकी सगळीकडून केलेली असते म्हणून लॉफ्ट ताणून कमी करतात, आणि मग चीफसारखी माणसं सांगत फिरतात की सात नंबर आता वीस मीटर लांब जातो. जाणारच, तो जुना सहा-पाचच्या मधला आहे, फक्त सोलवर सात लिहिलंय. नव्याचा आठ नंबर साडेतेहतीस. त्याच्याखाली जुन्याचा आठ नंबर बरोबर बसत होता, ३९ अंश. मग जुना नऊ, जुना वेज. त्यामुळे चीफच्या बॅगेत आता दोन आठ नंबर आहेत. जुन्या आठच्या होजलवर मी लाल टेप गुंडाळलीय, बॅग वाहणाऱ्या कॅडीला आधी सांगावं लागतं की साहेब आठ म्हणाले की कुठला ते विचार.

लांब आयर्न नव्या सेटचेच ठेवले, तिथे ऑफसेट आणि हलका शाफ्ट दोन्ही त्यांच्या कामाचे, या वयात पाच नंबर हवेत उचलायला मदत लागते. ड्रायव्हरही तोच. फक्त एक सवय मोडावी लागली, चीफ बॉलसमोर उभे राहिले की बंद फेस डोळ्यांना खुपायचा म्हणून नकळत हातात फिरवून सरळ करायचे, म्हणजे पैसे देऊन घेतलेले २.४ अंश स्वतःच परत करायचे. आता आधी क्लब जसा टेकतो तसा टेकू द्यायचा आणि मग ग्रिप धरायची. बॉल कुठे ठेवायचा त्यासाठी पायाशी काठी. पायही हळूहळू सरळ होतायत, हळूहळू म्हणजे फारच हळू, जुनी सवय आहे.

मध्यंतरी खारघरच्या कोर्सवर जाऊन आले. टेकड्यांमधला कोर्स, वारा कुठून येईल ते होलगणिक बदलतं. वेज सरळ गेले, एक-दोन उजवीकडेसुद्धा गेले आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला की मला तिथूनच फोन. ड्रायव्हर पहिल्या नऊ होलला बरा, नंतर दमले की स्लाइस परत येतो, अंग आधी वळतं आणि हात मागे राहतात, त्याला फेसचा कोन किती पुरणार. शाफ्ट त्यांच्या मानाने लांब आहे असं मला वाटतं, अर्धा-पाऊण इंच कापून हेडमध्ये थोडं वजन भरून बघायचंय. ते पाऊस संपल्यावर, मळ्यात आता चिखलणी चालू आहे.